हजारावा भाग

उद्यमबागेत चौतीस वर्षं लेथवर काढली.
शाफ्ट उतरवायचा, मायक्रोमीटर लावायचा,
दहा मायक्रॉन जास्त? परत चढव.
मिलिमीटरचा हजारावा भाग
डोळ्याआधी अंगठ्याला कळायचा.

आता अंगठ्याशेजारचं बोट
सेकंदाचा हजारावा भाग दाबतं.
कॅमेरा जुना, खानापुरातल्या एका लग्नवाल्याकडनं घेतलेला,
लेन्स माझ्या फंडातली.
सुनंदा म्हणाली, एवढ्यात न्हाणीच्या फरशा झाल्या असत्या.
झाल्या असत्या, खरं आहे.

दिवाळी उलटली की थिरथिरा येतो
अनगोळात, आमच्या मागच्या दारी.
काळी पाठ, पोट गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचं.
धुण्याच्या दगडावर बसतो
आणि शेपूट अशी हलवतो
जशी बेअरिंग गेलेली मोटार.
हे सातवं वर्ष. तोच असेल काय, कुणास ठाऊक.
आवाज करतो म्हणे, बारीक, टिक् टिक्,
सायकलचं फ्री-व्हील उलटं फिरवल्यागत.

म्हणे, कारण डावा कान ग्राइंडरनं नेला,
उजवा थोडा थोडा, पगाराच्या हप्त्यांत.
कुकरची शिट्टी येते. तिसऱ्या गेटची रेल्वे येते.
पाखरं येत नाहीत.
म्हणून सुनंदा. ती भाजी निवडता निवडता
माझ्या कोपराला बोट लावते
आणि हनुवटीनं दिशा दाखवते.

रविवारी धुपदाळला गेलो.
पहाटे चारला स्कूटर, वंटमुरीच्या घाटात धुकं,
पुढं उसाचे ट्रॅक्टर, एकामागं एक,
ज्यांची गाणी मला छातीत ऐकू येतात.
बंधाऱ्यावर बाळाप्पा जाळं झटकत होता.
"इवत्त भाळ हक्की बंदाव री," म्हणाला,
हे मी त्याच्या ओठांवरून वाचलं.
मला एवढं कन्नड कानापेक्षा डोळ्यांनी बरं कळतं.

थापटे बदक होते, फावड्यासारखी चोच घेऊन.
चक्रवाकांची एक जोडी, ओल्या विटेच्या रंगाची.
पलीकडच्या चिखलात राजहंस,
डोक्यावर दोन काळे पट्टे, शाईनं ओढल्यागत.
दोनशे फोटो काढले. एकशे साठ हलले.
हात कापतो, हे मी घरी सांगितलेलं नाही.
तिला माहीत आहे.

मग पाठ वळवून मी कार्ड बदलत होतो
आणि ती बांधावर बसली होती, थर्मास मांडीवर,
चार-पाच पावलांवर.
कोपराला बोट लागलं नाही.
काहीतरी वाटलं म्हणून वळलो.
तिची मान वर होती, तोंड किंचित उघडं,
आणि ती इतकं ऐकत होती
की मी तिथं नव्हतोच.
कॅमेरा उचलला, दाबला.

घरी मोठा करून पाहिला.
तिचा कान. कुडीतला एक मोती पडलाय,
ती जागा स्वच्छ आलीय. कानामागचा पांढरा केस
मोजता येईल असा.
वरच्या कोपऱ्यात पाच-सहा राखी डाग.
तेच राजहंस, उठलेले, ओरडत गेलेले.
"माझा कशाला काढलास," म्हणाली, "पाखरं सोडून?"
मी म्हटलं, फोकस चुकला.
हसली. चौतीस वर्षांत
माझं माप चुकलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

सोमवारी सकाळी कोपराला बोट.
कॅमेरा कपाटात, जुन्या धोतरात गुंडाळलेला.
राहू दे.
थिरथिरा मागच्या भिंतीवर, उन्हाच्या पट्टीत,
शेपूट चालू.
मशीन कुठं बोलतंय ते ऐकू येईना झालं
तेव्हा शेवटची काही वर्षं
मी हेडस्टॉकवर हात ठेवून काम केलं.
हळूच पुढं झालो,
भिंतीच्या दुसऱ्या टोकाला
तळवा टेकला.